आजीच्या माहेराची वाट

आधी चपला काढा. इथे त्या कुणाच्याच पायात नाहीत, आणि बांधावर चालायला तशाही कामाच्या नाहीत. साल १९५४, आश्विन वद्य पक्ष. जागा सिल्वासाच्या वेशीबाहेरचा वारल्यांचा पाडा. तुम्ही आठेक वर्षांचे आहात. उभं भात तुमच्या छातीला लागतं, त्यामुळे शेतात शिरलात की पुढे चालणाऱ्या आजीचं डोकं तेवढं दिसतं आणि डोक्यावरची टोपली. मागून धाकटी बहीण येतेय. तिला तर टोपलीही दिसत नाही. ती आवाजावर चालते.

ही आजी इतिहासाच्या कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. त्या साली या मुलखात अशा कितीतरी आज्या होत्या, त्यांच्यावरून मी ती उभी केली आहे. बाकी तारखा, नद्या आणि साहेबलोक खरे.

पाऊस नुकताच गेलाय. सकाळी दवाने कंबरेपर्यंत भिजता आणि दुपारी ऊन असं चटकतं की आजी सागाचं पान तोडून तुमच्या डोक्यावर ठेवते. तेरडा वाळायला लागलाय, कुर्डूचे तुरे वर आलेत, डोंगरावरचं गवत खालून हिरवं आणि वरून पिवळं दिसतंय. हळवं भात कापून खळ्यावर आलंय. गरव्याला अजून अवकाश आहे. दोन कापण्यांच्या मधले हे मोकळे दिवस, आणि नातवंडांच्या वाट्याला आजी येते ती याच दिवसांत. आषाढ-श्रावणात ती चिखलात वाकलेली होती, पुढे गरवं कापायला पुन्हा वाकायची आहे. आत्ता मात्र तिची पाठ सरळ आहे, आणि तिला कुठेतरी जायचं आहे.

एक लक्षात घ्या. आजी ‘फिरायला’ कधीच जात नाही. ती कशाला ना कशाला जाते: कांद आणायला, मीठ आणायला, देवाला जायला, माहेरी जायला. तुम्ही मागे लागता, ती एकदा ओरडते, मग काहीच म्हणत नाही. काही म्हटलं नाही म्हणजे ‘चल’. शहरातल्या शाळांत पुढे ज्याला सहल म्हणायला लागले, त्यातलं सगळं या जाण्यात आहे. फक्त परतताना टोपली भरलेली असते.

आजचं जाणं कांदांचं. रानात शिरल्यावर आजीचा वेग कमी होतो. वर बघत चालते, मग खाली. वेलावर लटकणारे करांदे तुम्हीही ओळखता. बटाट्यासारखे, खरबरीत, हाताने सहज तुटतात. ते घरी नेऊन उकडले की झालं. आजीला हवा आहे तो जमिनीतला कडूकांद. वेल कुठे मातीत जातो ते ती बोटांनी चाचपून काढते आणि काठीच्या टोकाने उकरायला लागते. तुम्हीही हात घालता.

‘हात नको लावू. खाजवंल.’

खाजवतंच. बहीण हसते. आजी कुठला तरी पाला चुरगळून तुमच्या मनगटावर चोळते आणि पुन्हा उकरायला लागते. कांद निघतो तो काळा, केसाळ, मातीने लडबडलेला. असा खाल्ला तर घसा सुजेल, आणखी वाईटही होईल. त्याचं अन्न करण्यात आजीचा सगळा दिवस जातो. आधी सोलून पातळ काप करायचे. काप राखेच्या पाण्यात उकळायचे. मग ते टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, वर दगड, रात्रभर. सकाळी एक काप जिभेला लावून बघायचा. ती आधी स्वतः लावते, थुंकते, मान हलवते आणि टोपली पुन्हा पाण्यात ठेवते. दुसऱ्या वेळी ती थुंकत नाही. मग तुम्हाला एक काप मिळतो. मीठ लावून खाल्लात तर चव फारशी नाही. पण ज्या पोटाने भाद्रपदातले उपाशी दिवस पाहिलेत, ते चवीचं विचारत नाही.

ओढ्याशी आलोच आहोत तर पोरांचं काम आणखी एक: मुठे, म्हणजे खेकडे, धरायचे. बांधाच्या बिळात काडी घालायची, आत हालचाल झाली की काडी हळूच ओढायची, आणि नांगी बाहेर आली की मागून पाठ दाबायची. पुढून धराल तर रडाल. आजी हे शिकवत नाही. ती नुसती धरते, आणि तुम्ही बघता.

सिल्वासाचा बाजार हे दुसरं जाणं. दिवाळी तोंडावर आहे, मीठ संपलंय, वाघदेवाला शेंदूर हवा आणि बहिणीला काचेच्या बांगड्या. तुम्ही तिघं उजाडताच निघता. गाव म्हणावं तर एवढंसं आहे: थोडी दुकानं, कचेरी, वडाची झाडं आणि १८९७ मध्ये बांधून पूर्ण झालेलं ख्रिस्ती देऊळ. १८८५ मध्ये पोर्तुगीजांनी इथे मुख्य ठाणं आणून त्याचं नाव पासो द आर्कोस ठेवलं होतं. ते कागदावर राहिलं. बाजाराला जाणारी आजी सिल्वासालाच जात राहिली.

कचेरीवर झेंडा वेगळा आहे. तुम्ही बोट दाखवता. आजी बघते, ‘बदलला,’ म्हणते, आणि सुक्या बोंबलांचा भाव विचारायला वळते.

बदलला तो अडीच-तीन महिन्यांपूर्वी. २२ जुलैला दादरा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. फ्रान्सिस मस्करेन्हास यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी तिथलं ठाणं घेतलं. २८ जुलैला नरोली, आणि २ ऑगस्टला भर पावसात सिल्वासा. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे होते, पुण्याहून आलेले राजा वाकणकर होते, गायक सुधीर फडके होते, तरुण बाबासाहेब पुरंदरे होते. या मोहिमेला पैसा उभा करायला लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. शेजारच्या तलासरी-उंबरगाव पट्ट्यात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी १९४५ पासून वारल्यांना वेठीविरुद्ध उभं केलं होतं, त्याची हवा इकडेही आली होतीच. आता कारभार वरिष्ठ पंचायतीकडे आहे. पोर्तुगाल नाही, आणि भारतात रीतसर सामीलही नाही, अशी ही मधली अवस्था सात वर्षं चालणार आहे.

आजीला यातलं काय ठाऊक आहे? गोळ्यांचे आवाज ठाऊक आहेत. चार दिवस रानात जायला बंदी होती ते ठाऊक आहे. आणि या मुलखावर कुणाचा हक्क कसा आला, तो तर तिच्या आजीलाही ठाऊक नव्हता. पेशव्यांच्या काळात मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचं पोर्तुगीज जहाज धरलं. त्याची भरपाई म्हणून तहात नगर हवेलीचा महसूल तोडून दिला गेला आणि १७८३ मध्ये पोर्तुगीज इथे आले. समुद्रात जहाज गेलं त्याच्या बदल्यात डोंगरातली माणसं दिली. वारल्यांना कुणी विचारलं नाही. दोन वर्षांनी पोर्तुगीजांनी दादराही विकत घेतलं.

सीमा इथे अशा वेड्यावाकड्या आहेत की नकाशा काढणाऱ्याची कीव यावी. दादरा आणि नगर हवेली यांच्या मध्ये दुसऱ्याची पट्टी. नगर हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं गाव, जे आज गुजरातचं आहे. आजी सरपण आणायला गेली तरी कुणाची ना कुणाची सीमा ओलांडून येते. तिची एक बहीण तलासरीकडे दिलेली, भाचा धरमपूरच्या बाजूला. आजवरची सगळी वर्षं ती परक्या देशात पाहुणी जात होती, बिनपरवाना, अनवाणी.

आता खरं जाणं. माहेरी.

आजीचं माहेर खानवेलच्याही पलीकडे, दमणगंगेच्या काठच्या पट्ट्यात. दिवाळीआधी भाऊ बैलगाडी पाठवतो. तुम्ही दोघं गाडीत पेंढ्यावर, आजी बराच वेळ चालतच. बैलांना जड होईल म्हणते. राखोलीच्या बाजूला नदी आडवी येते. ऑगस्टात हे पाणी बघवत नव्हतं. आता बैलांच्या गुडघ्याच्या थोडं वर आहे, स्वच्छ आहे, आणि तळाचे गोटे मोजता येतात. बहिणीला उतरून चालायचं आहे. आजी तिला कडेवर घेऊन पाण्यातून जाते, तुम्हाला शेपटी धरून चालायला सांगते. तुम्ही बैलाची शेपटी धरून दमणगंगा ओलांडता. हे पुढे जन्मभर सांगाल.

पलीकडे गेल्यावर साग दाट होतो. गाडीवान सांगतो की याच वाटेने पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो गेला. सिल्वासा पडायच्या आधी तो दीडशे शिपाई घेऊन खानवेलकडे निघाला, रानात अडकला, आणि ११ ऑगस्टला उदव्याला भारतीय पोलिसांच्या हवाली झाला. गाडीवान हे असं सांगतो की जणू तो झाडामागे उभा होता. असेलही. तुम्ही विचारता, ‘मग त्याला वाट कुणी दाखवली?’ आजी मध्येच म्हणते की वाट पोलिसांना ठाऊक असती तर ते वाटेवर कशाला राहिले असते. गाडीवान हसतो. तिच्या तोंडून राजकारणावर निघालेलं हे एवढंच वाक्य.

रात्री खानवेलला नातलगाकडे मुक्काम, साकरतोड नदीच्या आवाजात झोप. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना माहेर येतं. वेशीवर पोचताच आजीची चाल बदलते. इतका वेळ ती तुमची आजी होती. आता कुणीतरी तिला नावाने हाक मारतं, आणि तुम्हाला पहिल्यांदा कळतं की तिला नाव आहे.

वाघबारस. आश्विन वद्य द्वादशी. वारल्यांची दिवाळी इथून सुरू होते. वेशीबाहेर झाडाखाली वाघदेव आहे: उभी लाकडी फळी, तिच्यावर कोरलेले सूर्य, चंद्र आणि वाघ, सगळ्यावर शेंदराचे थर. गुराखी पोरं सकाळपासून तिथेच. वर्षभर ज्याच्या भीतीने गुरं हाकली त्यालाच आज नारळ. तुम्ही विचारता, वाघ खरंच येतो का. आजी तुमच्या हातात शेंदराची पुडी देते आणि लावायला सांगते. फळी उन्हाने तापलेली आहे, लाकडाच्या चिरांत मागच्या वर्षाचा शेंदूर घट्ट बसलाय, आणि वाघाच्या पाठीवरून बोट फिरवताना तुम्हाला जाणवतं की कोरणाऱ्याने त्याला हसरा केलाय. प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. नंतर कधीतरी लक्षात येतं, ते तिने दिलं होतं.

घरी काकड्या किसणं चाललंय. पावसाळ्यात छपरावर चढलेल्या वेलाच्या या काकड्या आता मांडीएवढ्या, पिवळ्या पडलेल्या. बिया काढायच्या, कीस करायचा, त्यात तांदळाची भरड आणि गूळ, मग पानात गुंडाळून वाफवायचं. सावेली म्हणतात. पान उघडलं की आधी पानाचाच वास येतो, गोड वास मागाहून. पण देवाला दाखवल्याशिवाय पोरांना मिळत नाही. नव्या भाताचंही तसंच. कणसरीचं, म्हणजे धान्यदेवीचं, मन राखल्याशिवाय नवं कुणी खात नाही. आजी या बाबतीत भलती कडक. तुम्ही चोरून कीस तोंडात टाकता तेव्हा ती बघते आणि दुसरीकडे बघते. कडकपणाचीही एक मर्यादा असते, नातवंडांपुरती.

कुडाच्या भिंती शेणामातीने नव्या सारवल्या आहेत. ओल अजून गेलेली नाही. आजी तांदळाचं पीठ पाण्यात कालवते, तुमची मूठ त्यात बुडवते आणि दाराशेजारी भिंतीवर दाबते. बहिणीची खाली, तुमची वर. लग्नाचा चौक लिहायचा तर सवाशिणी लागतात, नेम लागतात. मूठ उमटवायला पोरं चालतात. पुढे सत्तरीच्या दशकात गंजाडचे जिव्या सोमा मशे हीच पांढरी रेघ कागदावर नेतील, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळेल, आणि ही चित्रं विमानतळांवर, चहाच्या कपांवर जातील. आजीची मूठ पुढच्या पावसात धुऊन जाणार आहे. ती पुन्हा उमटवेल. टिकावी म्हणून ती काढलेलीच नाही.

रात्री तारपा. पावसाळाभर तो कुडाला टांगलेला होता. वाळवलेला दुधी, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सांध्यांना मेण. वाजवणारा गाल फुगवतो आणि श्वास तुटू न देता वाजवत राहतो. त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून वेटोळं फिरतं. पुढच्याच्या हातातली घोळकाठी जमिनीवर आपटते आणि तिच्या चकत्या खुळखुळतात. सूर बदलला की पाय बदलतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा एकच नियम तुम्हाला सांगितला जातो. आजी नाचते. सकाळपासून राबलेली, पन्नाशी उलटलेली ही बाई घाम गळेस्तोवर नाचते, आणि तुम्ही दोघं पेंढ्यावर बसून बघता की तिच्या उजव्या-डाव्या हातांना तिच्याच वयाच्या मैत्रिणी आहेत. सण नातवंडांसाठी असतो ही आपली शहरी समजूत. ती तुम्हाला इथे आणते ती स्वतःसाठी. तुम्ही सोबत आहात, म्हणून तुमचंही भलं होतं.

आता इथून उठा. पुढची वर्षं भराभर जातील.

पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. मुद्दा होता वाटेचा: दमणहून दादरा-नगर हवेलीला जायला पोर्तुगालला हक्क आहे की नाही. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्य आणि हत्यारी पोलिसांना नव्हती, आणि भारताने कसला भंग केलेला नाही. ज्या वाटांवरून आजी कांदांची टोपली घेऊन गेली, त्यांच्यावर मोठमोठ्या विधिज्ञांनी वाद घातला. १९६१ च्या ऑगस्टात के. जी. बदलानी नावाचे सनदी अधिकारी एका दिवसापुरते इथले पंतप्रधान झाले, नेहरूंबरोबर करारावर सही करण्यासाठी, आणि हा मुलूख केंद्रशासित झाला. त्या सालच्या जनगणनेत इथे ५७,९६३ माणसं होती. करसवलतींमुळे कारखाने आले, सुताच्या गिरण्या आल्या, बिहार-ओडिशापासूनचे कामगार आले, आणि २०११ मध्ये आकडा ३,४३,७०९ झाला. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच प्रदेश. आजीने एका आयुष्यात दोन झेंडे पाहिले होते. तिच्या नातीने कारभाराची आणखी दोन रूपं पाहिली.

या सगळ्यात तिची दिवाळी कुणी हलवली नाही. ना पोर्तुगीजांनी, ना पंचायतीने, ना दिल्लीने. हलवलं ते पाण्याने. दमणगंगेवर मधुबनचं धरण सत्तरी-ऐंशीच्या दशकांत झालं. त्यामागे पाणी साचलं आणि खानवेलपलीकडच्या खोऱ्यात पसरलं. शेतं गेली, खळी गेली, वेशीवरची झाडं गेली. आजीच्या माहेराची गाडीवाटही गेली. धरणाने वापी-सिल्वासाच्या कारखान्यांना पाणी दिलं, गुजरातेत कालवे दिले. ते खोटं नाही. पण हेगला जी वाट वर्षानुवर्षं तोलली गेली तिच्यासाठी निदान निकालपत्र लिहिलं गेलं. या वाटेबद्दल कुठे खटला उभा राहिला नाही.

आता चपला घाला. आज आहे. मधुबनच्या पाण्यावरचा दुधनीचा धक्का, पुन्हा आश्विन, पुन्हा तेच चटकतं ऊन. तुमची धाकटी बहीण ऐंशीला टेकली आहे. नातवाने गाडी काढली, सिल्वासाहून खानवेलमार्गे तासाभरात पोचले. मुलांना शिकाऱ्यात बसायचंय. ती आधी नको म्हणते, मग एकदा ओरडते, मग काही म्हणत नाही. बोट निघते. पणती मोबाइल पाण्यावर धरून शूटिंग करतेय. नावाडी वल्हं मारत विचारतो, ‘आजी, पयल्यांदा आलाव का?’

ती म्हणते, ‘नाय. माझ्या आजीचं माहेर हितंच.’ आणि पाण्याकडे बोट दाखवते. मग पिशवीतून डबा काढते. डब्यात सावेली आहेत, आज गॅसवर वाफवलेल्या. पणती एक खाते, दुसरी मागते. नावाड्यालाही एक जाते.

तुम्ही मुंबई-नाशिकहून दुधनीला जाणार असाल तर वापी स्टेशनवरून सिल्वासा जवळच आहे, आणि तिथून रस्ता चांगला आहे. सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात तारपा काचेआड दिसतो. वाजता ऐकायचा असेल तर वाघबारशीच्या सुमाराला जा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला बरोबर घ्या, आणि कुठे जायचं हे त्यालाच ठरवू द्या. बोटीत बसलात की नावाड्याला इथून दिसणाऱ्या डोंगरांची नावं विचारू नका. खाली कोणती गावं होती ते विचारा.